भोसरीतल्या मशीन शॉपसाठी सायबर सिक्युरिटीवाले आणले, त्याचा सविस्तर रिव्ह्यू

आधीच सांगतो, कंपनीचं नाव लिहिणार नाहीये. दोन्ही बाजूंनी एनडीए, म्हणजे गुप्ततेचा करार, झालाय, कॉन्ट्रॅक्ट अजून चालू आहे, आणि इनबॉक्समध्ये विचारलंत तरी सांगणार नाही. पण पुण्यात सध्या गल्लोगल्ली सायबर सिक्युरिटीवाले झालेत, आणि आमच्यासारख्या लहान कारखानदाराला ते नक्की काय विकतात, त्यातलं काय घ्यायचं आणि काय सोडायचं हे मराठीत कुणी धड लिहीत नाही, म्हणून हा लांबलचक रिव्ह्यू. स्टार द्यायचेच तर पाचातले साडेतीन. ऑडिटला साडेचार, बॅकअपच्या कामाला पूर्ण पाच, महिन्याच्या मॉनिटरिंगला दीड. सरासरी कशी काढली ते विचारू नका.

आमचं युनिट भोसरी एमआयडीसीत. व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मिलिंगच्या मशीन), टर्निंगच्या मशीन, एक सीएमएम (पार्टचं माप तपासणारं यंत्र), ऑफिसात टॅली आणि ड्रॉइंग ठेवायला एक छोटा सर्व्हर. काम ऑटोवाल्यांचं, टियर टू, म्हणजे आमचं गिऱ्हाईक चाकणला आणि त्याचं गिऱ्हाईक जर्मनीला. हे मुद्दाम सांगतोय कारण सगळं तिथूनच सुरू झालं. जर्मन गाडीवाल्यांनी आपल्या सप्लायरना टिसॅक्स, म्हणजे माहिती नीट सांभाळता ह्याची तपासणी, मागायला सुरुवात करून बरीच वर्षं झाली, आता ते सप्लायर खालच्यांना प्रश्नावल्या पाठवतात आणि ते पाणी झिरपत झिरपत भोसरीपर्यंत आलंय. एक्सेलची शीट आली, त्यात विचारलेलं की इन्सिडन्ट रिस्पॉन्स प्लॅन (हल्ला झाला तर काय करायचं ते) आहे का, आमची ड्रॉइंग कोण कोण उघडू शकतं, बॅकअप शेवटचा कधी रिस्टोअर करून बघितला. बाबा म्हणाले सगळीकडे यस लिही आणि पाठव. एमआयडीसीत निम्म्या प्रश्नावल्या अशाच भरल्या जातात हे पाठवणाऱ्यालाही माहीत असतं, पण ह्या वेळी शेवटच्या कॉलममध्ये पुरावा जोडा असं होतं. तिथे यस लिहून भागत नाही.

तीन-चार जणांकडून कोटेशन मागवली. ह्यांचं मधलं होतं आणि ह्यांनी शॉप फ्लोअर बघितल्याशिवाय आकडा द्यायला नकार दिला, म्हणून ह्यांना घेतलं. बाकीच्यांनी फोनवरच "सर किती सिस्टिम आहेत" विचारून गुणाकार करून पाठवला होता.

सेल्सच्या मीटिंगबद्दल मात्र काही चांगलं लिहिता येत नाही. माणूस आला आणि लॅपटॉप उघडून थेट कॉसमॉसवर गेला. आता पुण्यात राहून कॉसमॉस बँकेचं प्रकरण माहीत नाही असा माणूस सापडायचा नाही, ऑगस्ट २०१८, शनिवार आणि मग सोमवार मिळून ९४ कोटी गेले, २८ देशांतल्या एटीएममधून बनावट कार्डं घालून पैसे काढले आणि त्यातलेच तेरा-चौदा कोटी स्विफ्टने, म्हणजे बँकांच्या परदेशी पैसे पाठवायच्या यंत्रणेतून, हाँगकाँगला पळवले. पण हा गृहस्थ सांगत होता की लोकांनी पिन शेअर केले म्हणून झालं. अहो काय राव! तिथे एटीएमच्या प्रत्येक व्यवहाराला हो की नाही सांगणारा जो बँकेचा स्विच असतो, त्याला बगल देऊन चोरांनी आपलाच एक खोटा स्विच मध्ये घुसवला आणि तो येईल त्याला हो म्हणत सुटला. ग्राहकाचा त्यात काडीचा संबंध नव्हता. आपण जे विकतोय त्यातली आपल्याच गावातली सगळ्यात मोठी केस ज्याला नीट सांगता येत नाही त्याच्याकडून अडीच लाखाचं पॅकेज घ्यायचं का, असं बाबांनी मला त्याच्यासमोरच विचारलं. वेगळ्या शब्दांत विचारलं, ते इथे लिहीत नाही.

मग जेएलआर, म्हणजे जॅग्वार लँड रोव्हर. ते येणारच होतं. २०२५ च्या ऑगस्टच्या शेवटी हल्ला झाला आणि ब्रिटनमधले प्लांट महिनाभराहून जास्त बंद राहिले, तिथल्या सायबर मॉनिटरिंग सेंटरने नुकसानीचा अंदाज १.९ अब्ज पौंड काढला. टाटांची कंपनी म्हटल्यावर पिंपरी-चिंचवडमधल्या प्रत्येक व्हेंडरने ती बातमी दोनदा वाचलेली आहे, त्यामुळे आम्हाला भीती घालायला ते उपयोगाचं नव्हतं. त्यातला आमच्यासारख्यांनी बघायचा भाग वेगळा आहे. गाडी कंपनीकडे पैसा असतो, तिच्या मागे सरकार उभं राहतं, पण खाली जो पार्ट बनवतो त्याची महिनाभर ऑर्डर थांबली की त्याचा पगार आणि ईएमआय कुणी थांबवत नाही. हे त्या प्रेझेंटेशनमध्ये नव्हतं.

तरी घेतलं. कारण मीटिंगला त्यांचा टेक्निकलचा एक पोरगा पण होता, गप्प बसलेला. निघताना त्याने विचारलं की मशीनला प्रोग्रॅम कसे घालता, पेन ड्राइव्ह की लॅन? हा प्रश्न विचारणारा तो पहिलाच. पुढे कळलं की डिप्लोमा मेकॅनिकलचा, मग आयटीत गेला. ज्यांना सर्व्हिस घ्यायचीय त्यांनी एवढी एक गोष्ट बघा, येणाऱ्या माणसाला व्हीएमसी आणि प्रिंटरमधला फरक कळतो का.

आता ऑडिट. ते खरंच चांगलं झालं.

मला वाटलेलं हा येऊन सर्व्हरपाशी बसेल आणि सॉफ्टवेअर चालवेल. त्याने ते केलं पण दुसऱ्या दिवशी. पहिल्या दिवशी तो फक्त वायर बघत फिरला. ऑफिसातल्या नेटवर्कच्या स्विचपासून सुरुवात, एकेक केबल कुठे जाते ते हाताने धरून, कागदावर चित्र काढत, कूलंटच्या चिखलातून, चिपच्या ट्रॉल्या सरकवत. मोठ्या व्हीएमसीच्या मागे गेला आणि बराच वेळ बाहेरच येईना. मग हाक मारली, "काका, हा राउटर कुणाचा?"

काका म्हणजे आमचे जुने ऑपरेटर. ते म्हणाले, "तो मशीनवाल्यांचा आहे, हात लावू नको, सर्व्हिसवाला ओरडतो."

पॅनलच्या मागे, वायर टायने बांधलेला, सिम कार्ड घातलेला छोटा राउटर. हिरवा दिवा लुकलुकतोय. मशीन बसवताना डीलरच्या माणसाने रिमोट सपोर्टसाठी लावला होता आणि त्याचं काम झाल्यावर तो तसाच राहिला. त्याचा लॉगिन अ‍ॅडमिन, पासवर्ड पण अ‍ॅडमिन. शेजारच्या पीसीवर रिमोट कंट्रोलचं सॉफ्टवेअर, कुणीही बाहेरून परवानगी न विचारता आत येऊ शकेल असं सेट केलेलं, आणि त्याचा पासवर्ड मॉनिटरच्या कडेला स्केचपेनने लिहिलेला, वर ऑइलचे ठसे. आणि तोच पीसी दुसऱ्या बाजूने आमच्या लॅनला जोडलेला, कारण ड्रॉइंग बघायला लागतात. म्हणजे ऑफिसात लाखाचा फायरवॉल बसवला असता तरी मागच्या बाजूने सिम कार्डावरून सरळ रस्ता टॅलीपर्यंत.

पोरगा शांतपणे म्हणाला की टोयोटाचं असंच झालं होतं. मी घरी जाऊन वाचलं, बरोबर होतं. १ मार्च २०२२ ला टोयोटाने जपानमधले सगळेच्या सगळे १४ प्लांट, २८ लाइन एक दिवस बंद ठेवल्या, आणि टोयोटावर हल्ला झालाच नव्हता. कोजिमा नावाचा प्लास्टिकचे पार्ट बनवणारा सप्लायर, त्याच्या एका उपकंपनीचं बाहेरच्यांशी बोलायला ठेवलेलं रिमोट कनेक्शनचं यंत्र, त्यातून चोर आत. कुणाचं तरी सोयीसाठी लावलेलं आणि नंतर कुणीच लक्ष न दिलेलं डबडं.

सिम काढलं. आता मशीनवाल्याला आत यायचं असेल तर आधी फोन, मग आम्ही इकडून चालू करणार, काम झालं की बंद, आणि वहीत नोंद. डीलरच्या सर्व्हिसवाल्याने थोडी कुरकुर केली. करू दे.

सीएमएमचा पीसी विंडोज ७ वर चालतो. त्याचा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला हे मलाही माहीत होतं, पण मोजमापाचं सॉफ्टवेअर आणि त्याचा डोंगल नवीन विंडोजवर चालत नाही आणि नवीन व्हर्जनचं कोटेशन ऐकून खाली बसायला होतं. बाकी सगळ्या ऑडिटवाल्यांचं उत्तर एकच असतं, बदला. ह्याने सांगितलं ठेवा, पण त्याला एकटं पाडा. इंटरनेट बंद, त्याचा वेगळा व्हीलॅन (नेटवर्कचा वेगळा पाडलेला भाग), फक्त एक फोल्डर ज्यात रिपोर्ट टाकायचे आणि तिथून ऑफिसने उचलायचे, बाकी कुणाशी बोलणं नाही. कारण पण समजावलं, मे २०१७ ला वॉनाक्राय जगभर पसरला तेव्हा कुणाला लिंकवर क्लिक करायची पण गरज पडली नव्हती, विंडोजच्या फाइल शेअरिंगच्या जुन्या पद्धतीतल्या एका भोकातून तो एका मशीनवरून दुसऱ्यावर आपला आपण जात होता, आणि गंमत म्हणजे मायक्रोसॉफ्टने त्याचा पॅच मार्चमध्येच काढलेला होता. जिथे पॅच मारताच येत नाही तिथे शेजारी तोडायचे, एवढं साधं. आणि हो, विंडोज १० पण ऑक्टोबर २०२५ ला संपलंय, ऑफिसात असेल तर बघून घ्या.

पेन ड्राइव्हवर तो बंदी घालेल असं वाटलेलं. नाही घातली. जुन्या कंट्रोलरना दुसरा मार्गच नाही म्हणाला. त्याऐवजी एक जुना लिनक्सवाला पीसी फ्लोअरच्या दारापाशी ठेवला, पेन ड्राइव्ह आधी तिथे लावायचा, स्कॅन होणार, मग मशीनला. ड्राइव्ह कंपनीचेच, लाल रंगाचे, घरचे आणि गाण्यांचे चालणार नाहीत. सुरुवातीला पोरांनी नाकं मुरडली, आता सवय झालीय. एकाच्या ड्राइव्हमध्ये काय निघालं ते मात्र आम्ही तिघांतच ठेवलंय.

आता बॅकअप, ज्याला मी पाच दिलेत.

आमच्याकडे बॅकअप होता. जुना आयटीवाला स्क्रिप्ट लावून गेलेला, रोज रात्री सर्व्हरवरून यूएसबी हार्ड डिस्कवर कॉपी. डिस्क कायम सर्व्हरला जोडलेली, म्हणजे रॅन्समवेअर (फाइल लॉक करून खंडणी मागणारा व्हायरस) आला तर सर्व्हरसोबत ती पण लॉक होणार, हे एक. दुसरं त्याहून भारी. ह्या पोराने सांगितलं की गुरुवारी येतो (गुरुवारी आमची सुट्टी, सगळी भोसरीच थंड असते), एक कोरा पीसी द्या, सर्व्हर मेला असं समजा आणि बॅकअपवरून कंपनी उभी करून दाखवा. बाबाही बसले खुर्ची टाकून.

ड्रॉइंगचं फोल्डर आलं. टॅलीचं फोल्डर आलं, उघडलं, आणि आतला डेटा कित्येक महिन्यांपूर्वीचा. अकाउंट्सच्या मॅडम रात्री टॅली उघडीच ठेवून घरी जायच्या, फाइल उघडी असली की स्क्रिप्ट ती वगळून पुढे जायची, आणि कुठेही एरर दाखवायची नाही. फोल्डरवरची तारीख मात्र रोज नवीन. बाबांनी स्क्रीनकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग चहा मागवला.

तेवढ्यात पोराने विचारलं, मशीनचे प्रोग्रॅम कुठेयत? मशीनमध्ये. आणि पॅरामीटर? ते पण मशीनमध्ये. बॅटरी कधी बदललीत?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, बऱ्याच सीएनसी कंट्रोलरमध्ये पॅरामीटर, ऑफसेट वगैरे ज्या मेमरीत असतात ती बॅटरीवर टिकते. मशीन बंद असताना बॅटरी संपली की सगळं साफ, आणि मग मशीन म्हणजे नुसता बिडाचा ठोकळा, डीलरचा माणूस येऊन परत भरेपर्यंत. ह्याला कुठला हॅकर लागत नाही. सायबर सिक्युरिटीच्या पैशात हे बघून मिळालं हे मला सगळ्यात आवडलं, कारण पीपीटीमधल्या रशियन गँगपेक्षा मेलेली बॅटरी आमच्याकडे यायची शक्यता कितीतरी जास्त आहे. त्याच आठवड्यात सगळ्या मशीनचे पॅरामीटर आणि प्रोग्रॅम कार्डावर काढून घेतले, प्रत्येक मशीनचं वेगळं पाकीट करून त्यावर तारीख.

आता व्यवस्था अशी आहे की एक कॉपी एनएएसवर (नेटवर्कला जोडलेली डिस्कची पेटी), एक क्लाउडवर जिथे ठराविक दिवस कुणालाच डिलीट करता येत नाही, अगदी आम्हालाही नाही, आणि दोन डिस्क आलटून पालटून, त्यातली एक कायम बाबांच्या कपाटात, वायर काढलेली. ह्यालाच ते थ्री-टू-वन म्हणतात, तीन कॉप्या, दोन प्रकारच्या जागा, एक बाहेर. दर तिमाहीला गुरुवारचा तोच प्रयोग. मागच्या वेळी केला तेव्हा सगळं दुपारच्या जेवणाआधी उभं राहिलं. बाबांनी त्या पोराला घरून डबा मागवला, आणि बाबा सहसा व्हेंडरला पाणीसुद्धा विचारत नाहीत.

मेलच्या बाबतीत काम ठीकठाक. भोसरीत ओळखीतल्या एका युनिटचा किस्सा सगळ्यांना माहितीये, कच्च्या मालाच्या सप्लायरचा मेल आला की आमचं बँक अकाउंट बदललंय, ह्या नवीन खात्यात पाठवा, लेटरहेड तेच, बोलायची पद्धत तीच, आधीचे सगळे मेल खाली जोडलेले. फक्त डोमेनच्या नावात एम च्या जागी आर आणि एन चिकटून लिहिलेले, लहान अक्षरात ते एमच दिसतं. पैसे गेले. चोर महिनाभर त्यांच्या मेलबॉक्समध्ये बसून वाचत होता आणि मोठ्या बिलाची वाट बघत होता. ह्यात व्हायरस नाही, अँटीव्हायरस काही करू शकत नाही. ह्या सिक्युरिटीवाल्यांनी मेलला टू फॅक्टर लावलं, एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क (आमच्या नावाने खोटा मेल जाऊ नये म्हणूनची सेटिंग) केलं, मेल फॉरवर्डचे कुठले छुपे रूल आहेत का ते तपासलं, आणि एक कागद भिंतीवर चिकटवला, खातं बदलल्याचा मेल आला तर आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर फोन करायचा, मेलमध्ये दिलेल्या नंबरवर नाही. कागद पैसे न घेता चिकटवता आला असता पण असो. त्यावर १९३० पण लिहिलाय, पैसे गेलेच तर पहिल्या तासात हा नंबर लावला तर रक्कम वाटेत अडवली जायची आशा असते.

ट्रेनिंग पहिल्या वेळी भंगार. कॅन्टीनमध्ये प्रोजेक्टर, सगळ्या स्लाइड इंग्रजीत, हुडी घातलेला चेहरा नसलेला हॅकर, समोर आमची पोरं, कुणी बीडचं, कुणी लातूरचं, कुणी बिहारचं, शिफ्ट संपवून आलेली. अर्धे झोपले. मी तक्रार केली. पुढच्या वेळी एका मॅडमना पाठवलं, त्यांनी स्लाइड बाजूलाच ठेवल्या आणि विचारलं की कुणाकुणाला लाइट बिल भरलं नाही, आज रात्री कनेक्शन कट होईल असा मेसेज आलाय? निम्मे हात वर. मग त्यावरून मराठीत आणि हिंदीत, मोबाइल हातात घेऊन, एपीके फाइल (फोनमध्ये अ‍ॅप टाकणारी) म्हणजे काय, ती का उघडायची नाही. त्यानंतर आठवड्याने त्यांनी न सांगता सगळ्या ऑफिसला जीएसटीची खोटी नोटीस मेलने पाठवली, कोण क्लिक करतं बघायला. अकाउंट्सच्या मॅडमनी क्लिक न करता सीएना फोन लावला. क्लिक कुणी केलं ते त्यांनी रिपोर्टमध्ये नाव न घालता फक्त "मॅनेजमेंट" असं लिहिलंय, आणि आमच्या मॅनेजमेंटमध्ये माणसं दोनच, त्यातला मी नव्हतो.

आता रिपोर्ट. भलामोठा पीडीएफ, लग्नाच्या अल्बमसारखा जाड, पहिली काही पानं कामाची, पुढे सॉफ्टवेअरने ओकलेली यादी, प्रिंटरचं सर्टिफिकेट एक्स्पायर झालंय ह्याला "मीडियम रिस्क" वगैरे. आणि मग मधल्या एका पानावर, खाली फूटरमध्ये, दुसऱ्याच कंपनीचं नाव. चाकणची, माझ्या ओळखीची. म्हणजे टेम्प्लेट कॉपी केलेला आणि एक फूटर राहून गेला. मी पुढची पानं जरा निरखून बघितली तर एका टेबलात त्यांचे आयपी अ‍ॅड्रेस पण शिल्लक होते. डेटा सांभाळायला शिकवणाऱ्या कंपनीने दुसऱ्या क्लायंटच्या नेटवर्कचा नकाशा आम्हाला मेलने पाठवला, पासवर्ड न लावता! फोन केला, त्यांचे मोठे साहेब स्वतः आले, माफी मागितली, फाइल डिलीट केल्याचं आमच्याकडून लेखी घेतलं. मी विचारलं, आमचा फूटर कुणाकडे गेलाय का? नाही म्हणाले. पटकन म्हणाले. ह्या एका गोष्टीचा मी अख्खा एक स्टार कापलाय आणि तो परत मिळणार नाही. नवीन करारात एक ओळ घालून घेतली, आमची कुठलीही फाइल त्यांच्याकडे किती दिवस राहणार आणि नंतर पुसल्याचा पुरावा. तुम्हीही ही ओळ घाला, त्यांच्या छापील फॉरमॅटमध्ये ती नसते.

अजून एक तपासा. कार्ड आणि प्रपोजलवर सर्ट-इनचं, म्हणजे केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षेच्या संस्थेचं, नाव ठळक होतं. सर्ट-इन एम्पॅनल्ड, म्हणजे त्यांनी मान्यता दिलेल्या, ऑडिटर्सची यादी त्यांच्या वेबसाइटवर उघड आहे, त्यात ह्यांचं नाव नाही, ज्यांच्याशी ह्यांचा टायअप आहे त्यांचं आहे. खोटं असं नाही, पण गिऱ्हाइकाने सर्ट-इन एम्पॅनल्डचाच रिपोर्ट मागितला तर सही कुणाची चालणार हे आधी विचारून घ्या.

महिन्याचं मॉनिटरिंग, दीड स्टार. त्यात एक डॅशबोर्ड मिळतो, जगाचा नकाशा, त्यावर लाल रेषा ब्राझीलवरून भोसरीत येताना दिसतात. पाहुण्यांना दाखवायला छान. रात्री अडीचला मेल येतो की संशयास्पद लॉगिन, लो सिव्हेरिटी, बघतो तर आपलाच नाइट शिफ्टचा सुपरवायझर. एकदा खरंच काहीतरी होतं, सर्व्हरवर बाहेरून एकामागून एक पासवर्ड ट्राय होत होते, तेव्हा फोन लावला तर आधी तिकीट काढा, म्हणजे तक्रार नोंदवा, म्हणाले, तिकीट काढलं तर एसएलए, म्हणजे करारातली उत्तर द्यायची मुदत, चार तासांची. बंद शेवटी आम्हीच केलं, राउटरमध्ये जाऊन. आता सरकारचा नियम असा आहे की असली घटना कळल्यापासून ६ तासांत सर्ट-इनला कळवायचं आणि लॉग (सिस्टिममध्ये कोण आलं, काय केलं त्याच्या नोंदी) १८० दिवस ठेवायचे, एप्रिल २०२२ चा आदेश आहे. चार तास तुमच्या तिकिटातच गेले तर आम्ही कळवायचं काय? लॉग साठवून ठेवायचं काम मात्र ते बरोबर करतात, आणि प्रश्नावलीतला तो कॉलम त्यामुळे भरता आला, म्हणून शून्य दिला नाही.

डेटा प्रोटेक्शनच्या कायद्याचा भाग त्यांनी आपणहून काढला हे बरं केलं. २०२३ चा डीपीडीपी कायदा, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, मुख्य अटी लागू व्हायला त्यातून १८ महिने. आम्हाला वाटायचं हे बँकांसाठी आणि अ‍ॅपवाल्यांसाठी असेल, आम्ही नट-बोल्टवाले, आमच्याकडे कुणाचा डेटा? सर्व्हरवर "लेबर" नावाचं फोल्डर निघालं. कॉन्ट्रॅक्टवरच्या प्रत्येक माणसाचं आधार, पॅन, बँक पासबुक, काहींच्या बायका-मुलांचे फोटो ईएसआयसीसाठी, सोडून गेलेल्यांचेही, आणि फोल्डर अख्ख्या लॅनला उघडं. वर ठेकेदार हेच सगळं व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकतो ते वेगळंच. सुरक्षेची वाजवी काळजी घेतली नाही तर दंड २५० कोटींपर्यंत, हा आकडा सेल्सवाल्याने तीनदा सांगितला. आमच्या युनिटला कुणी तेवढा लावणार नाही हे मलाही कळतं. पण तिथे हातावर पोट असलेल्या माणसांची आधार कार्डं पडलेली आणि त्यांच्या नावावर उद्या कुणी कर्ज काढलं तर ती बिचारी कुठल्या ऑफिसच्या पायऱ्या झिजवणार. फोल्डर लॉक केलं, जुनं जे कायद्याने ठेवायची गरज नाही ते उडवलं, ठेकेदाराला सांगितलं ग्रुपवर टाकायचं नाही. तो टाकतो अजून. भांडण चालू आहे.

पैशांचं सांगतो कारण तेच सगळे विचारणार. ऑडिट आणि दुरुस्तीची कामं मिळून लाखाच्या थोडं वर, बॅकअपचं सामान वेगळं, मॉनिटरिंगचं वर्षाचं वेगळं, सगळ्यावर १८ टक्के जीएसटी. आमच्याएवढ्या, म्हणजे तीस-चाळीस माणसांच्या युनिटने ऑडिट आणि बॅकअप जरूर घ्यावं, ह्यांच्याकडून किंवा दुसऱ्या कुणाकडून. ज्यांच्याकडे दोन पीसी आणि एक टॅली एवढंच आहे त्यांनी एवढ्यात पडू नये, बरा अँटीव्हायरस घ्या (क्विक हील आपल्या पुण्याचीच आहे, गावाचा अभिमान म्हणून नाही, पण मराठीत फोनवर बोलणारा माणूस मिळणं ह्याला किंमत आहे), दोन डिस्क आणा, एक घरी ठेवा, आणि एखाद्या सुट्टीच्या दिवशी ती उघडून बघा.

रिन्युअल मार्चमध्ये आहे. मी डॅशबोर्ड वगळून, तिमाहीचा रिस्टोअर ठेवून, आणि तो डिप्लोमावाला पोरगाच येईल अशी अट घालून कोटेशन मागितलंय. सेल्सवाल्याचं म्हणणं आहे की पॅकेज तोडता येत नाही आणि माणूस कोण येणार ह्याची गॅरंटी देता येत नाही. बाबा म्हणतायत त्या पोरालाच विचार, नोकरी सोडतोस का.